पदवीचा जमाखर्च

दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींत बारावी झालेला एखादा मुलगा किंवा मुलगी असली, की चकलीचा दुसरा तुकडा मोडण्यापूर्वीच प्रश्न येतो, "मग, पुढं काय घेणार?" उत्तर काहीही येवो, त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न ठेवलेलाच असतो, "त्यात मिळतं काय?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर निदान त्या पोराजवळ तरी असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र घरातल्या प्रत्येकाजवळ असते आणि प्रत्येकाचे निराळे असते. मामांच्या ओळखीतला इंजिनियर घरी बसलेला असतो, आत्याच्या नणंदेचा मुलगा साधा बी.कॉम. होऊन दुबईला बंगला बांधत असतो. पोर बिचारे कानकोंडे होऊन करंजीकडे पाहत राहते.

वाचकहो, हा दुसरा प्रश्न केवळ घरगुती नाही. कोणत्या विषयाची पदवी घेतली असता माणूस कोठे लागतो आणि काय मिळवतो, हे मोजून पाहण्याची खटपट आपल्याकडे शंभरांहून अधिक वर्षे चालू आहे. आयोगांनी ती केली, शिरगणतीवाल्यांनी केली, अर्थशास्त्रज्ञांनी केली. प्रस्तुत लेखक शाळामास्तर आहे, फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो आणि स्वतः शालान्त परीक्षेच्या पलीकडची पायरी चढलेला नाही. पदवीधरांचा जमाखर्च मांडायला तेवढा तटस्थ मनुष्य बरा, असे समजून पुढचे वाचावे. ही जुनी मोजणी चाळताना मला असे दिसले, की मोजणाऱ्यांना विषयाची किंमत हवी होती आणि हाती मात्र बहुधा दारांचा हिशेब आला : कोणते दार कोणाला उघडे होते आणि कोणाला बंद.

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले आणि 1862 साली त्याचे पहिले बी.ए. बाहेर पडले. ते चारच होते. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. चौघांचे विद्यापीठ एक, पदवी एक, वर्ष एक. पुढे वागळे मुंबईस वकिलीत गेले. मोडक शिक्षणखात्यात राहून एल्फिन्स्टन हायस्कुलाच्या मुख्याध्यापकपदापर्यंत चढले. भांडारकर आधी हैदराबाद-सिंध आणि रत्नागिरी येथे हेडमास्तर, मग एल्फिन्स्टन आणि डेक्कन कॉलेजांत संस्कृतचे प्राध्यापक झाले. रानड्यांनी काही काळ अध्यापन केले आणि 1871 साली ते पुण्यास सबॉर्डिनेट जज्ज म्हणून आले, तेव्हा त्यांचा पगार दरमहा 800 रुपये होता.

आता एखाद्या उत्साही कारकुनाने त्या वर्षी 'बी.ए.चे उत्पन्न' असा तक्ता मांडला असता, तर रानड्यांचे आठशे त्याने बिनदिक्कत बी.ए.च्या खात्यावर जमा केले असते. पण रानडे मधल्या काळात एम.ए. झाले होते, 1866 साली एलएल.बी. झाले होते, आणि सरकारला न्यायखात्यात देशी माणसे हवी होती. त्या आठशेंतले किती रुपये बी.ए.चे, किती एलएल.बी.चे, किती त्या काळाच्या गरजेचे आणि किती खुद्द रानड्यांचे? पुढच्या सगळ्या मोजण्या या एका प्रश्नाशी येऊन अडतात. भांडारकरांचे उदाहरण घेतले तर संस्कृत हा विषय किफायतशीर ठरतो. पण भांडारकर किती होते?

या प्रश्नाची दुसरी बाजू पहिल्यांदा जोराने मांडली ती एका पदवी नसलेल्या माणसाने. हिंदुस्थान सरकारने 1882 साली सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. त्याच्यापुढे जोतीराव फुल्यांनी लेखी निवेदन दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : सरकारची तिजोरी भरते ती रयतेच्या कष्टावर, आणि खर्च मात्र होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर; ते शिकून सरकारी जागा अडवून बसतात आणि रयतेच्या शिक्षणासाठी काही करीत नाहीत. तेव्हा सरकारने प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. पदवीधर किती मिळवतो, एवढ्यावर फुले थांबले नाहीत. त्याच्या पदवीचे पैसे कोणी भरले आणि त्या पदवीचे फळ कोणाच्या पदरात पडले, असे त्यांनी विचारले. हिशेबाची ही बाजू नंतरच्या तक्तेवाल्यांनी पुष्कळ वर्षे कोरीच ठेवली.

त्याच हंटर आयोगाच्या अहवालात पदवीधरांची मोजदादही सापडते. 1871 ते 1882 या काळातले देशातले पदवीधर घेतले. ते सुमारे तेहेतीसशे भरले. मग ते गेले कोठे, हे पाहिले. बाराशेंहून अधिक सरकारी नोकरीत, सातशेंच्या आतबाहेर वकिलीत, दोनशेंहून थोडे अधिक वैद्यकीत, पन्नासेक स्थापत्यात. प्रांताप्रांताचे रंगही निरनिराळे. बंगालात वकिलांची रीघ, तर मुंबई इलाख्यात निम्म्याहून अधिक मंडळी सरकारी नोकरीत आणि वकील मोजके.

हा तक्ता वाचताना मला शाळेतल्या हजेरीपटाची आठवण होते. हजर मुलांच्या बेरजेकडे सगळे पाहतात. मास्तराची नजर मात्र रिकाम्या घरांवर जाते. वरच्या चार रकान्यांची बेरीज करून एकूण आकड्यातून वजा केली, तर जवळजवळ एकतृतीयांश पदवीधर शिल्लक राहतात. यांतले कोणी खासगी शाळांतून शिकवीत असतील, कोणी संस्थानिकांच्या चाकरीत असतील, कोणी पुढची परीक्षा देत असतील, कोणी घरी शेती पाहत असतील, कोणी वारलेही असतील. तक्त्याला त्यांच्याशी कर्तव्य नव्हते. सरकारला जाणून घ्यायचे होते ते एवढेच, की आपण काढलेल्या विद्यापीठांतून आपल्या कामाची माणसे निघतात की नाही. ज्याने मोजले त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याला मिळाले.

इंजिनियरांचा आकडा तेवढा लहान का, याचा उलगडा पुण्यात होतो. येथे 1854 पासून इंजिनियरिंगचा वर्ग चालू होता. त्याचेच पुढे सायन्स कॉलेज झाले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बंगळूरला बी.ए. होऊन येथे आले, परीक्षेत पहिले आले आणि 1884 साली मुंबई सरकारच्या बांधकामखात्यात असिस्टंट इंजिनियर म्हणून लागले. पहिल्या आलेल्याला खात्यात जागा ठरलेलीच असे. दुसऱ्या-तिसऱ्याचे पुढे काय होई, हा भाग वेगळा. पूल आणि कालवे बांधणारे जवळजवळ एकटे सरकारच. तेव्हा इंजिनियराची किंमत सरकारच्या जागांइतकी. विषय तोच राहिला, गणित तेच राहिले. पण जागा दहा असत्या तर दहांचा विषय 'चांगला', आणि एकच असती तर उरलेल्या नवांना तोच विषय 'वाईट'. आज संगणकाच्या शाखेविषयी घरोघर जे ऐकू येते, ते याहून फारसे निराळे नाही.

बरे, जे पगार मिळवू शकत होते आणि मिळवायचे नाही म्हणाले, त्यांचे काय करायचे? बाळ गंगाधर टिळक 1879 साली एलएल.बी. झाले. वकिलीची सनद घेऊन चार पैसे गाठीला बांधण्याऐवजी त्यांनी आणि चिपळूणकरांनी 1880 च्या पहिल्याच दिवशी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, आगरकर एम.ए. करून त्यांना येऊन मिळाले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि फर्ग्युसन कॉलेज निघाले. तेथल्या आजीव सभासदाचा पगार दरमहा 75 रुपये. गोपाळराव गोखल्यांसारख्याने उमेदीची सारी वर्षे त्यावर काढली. बाहेरची मिळकत घ्यावी की सगळी संस्थेच्या पायी वाहावी, यावरून या मंडळींत कडाक्याचे वाद झाले आणि 1890 साली टिळक बाहेर पडले. म्हणजे त्यागाचाही हिशेब ही मंडळी पै-पैने घालीत होती. नुसते भाबडे नव्हते. पण कमाईच्या तक्त्यात टिळकांची एलएल.बी. कशी दिसेल? बुडीत खात्यात! आणि आगरकरांची एम.ए. पाहून कोणी हिशेबी बाप म्हणेल, "इतिहास-तत्त्वज्ञानात काही राम नाही."

स्त्रियांची कथा अधिक बोलकी आहे. हंटर आयोगाच्या त्या तक्त्यात एकही स्त्री असणे शक्य नव्हते. मुंबई विद्यापीठाने स्त्रियांना पदवीचे दार 1883 साली उघडले. त्याच वर्षी कलकत्त्याला कादंबिनी गांगुली आणि चंद्रमुखी बसू या पहिल्या दोन पदवीधर झाल्या. आपल्या इकडे नाशकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि परीक्षेत इतक्या वर आल्या, की विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांचीच होती. ती मिळाली नाही, कारण त्या बाई होत्या. इंग्लंडातल्या हितचिंतकांनी पैसे जमवले, त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि 1892 साली तेथली कायद्याची बी.सी.एल. ही परीक्षा उत्तीर्ण झाल्या. परीक्षा दिली, पास झाल्या, पण पदवी? ऑक्सफर्डने ती हातात दिली 1922 साली, तीस वर्षांनी. हिंदुस्थानात स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा झाला 1923 साली. त्या मधल्या तीस वर्षांत एकाच अभ्यासक्रमाचे दोन भाव होते. पुरुषाला ती परीक्षा सोन्याची खाण होती. सोराबजीबाईंना ती घेऊन बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे पडदानशीन स्त्रियांच्या वतीने सल्लागाराचे काम करावे लागले. ते काम त्यांनी मोठ्या हिमतीने केले, ही गोष्ट निराळी.

आणि यापुढचे उदाहरण घेतले म्हणजे तक्ता मांडणाऱ्याने लेखणी खाली ठेवावी. भीमराव आंबेडकर बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. 1915 साली एम.ए. झाले, मग लंडनला गेले. करारानुसार 1917 साली ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. त्या घटकेला सबंध मुंबई इलाख्यात त्यांच्या तोडीचा अर्थशास्त्र शिकलेला माणूस शोधून काढावा लागला असता. पण बडोदे शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ते पारशी नाव घेऊन राहिले. जात उघडकीला आली तेव्हा काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. नोकरी सोडून त्यांना मुंबई गाठावी लागली. हे सारे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढच्याच वर्षी ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, 1923 साली लंडनची डी.एस्‌सी. मिळवली, बॅरिस्टर झाले. तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. 1917 च्या शेवटी मात्र कोणी विचारले असते, की अर्थशास्त्राच्या परदेशी पदवीला बाजारात काय भाव आहे, तर त्या एका माणसापुरते उत्तर आले असते : रात्रीपुरते छप्परसुद्धा नाही.

एकोणीसशे तीसच्या सुमारास काळ फिरला. जगभर मंदी आली आणि 'सुशिक्षितांची बेकारी' हे शब्द वर्तमानपत्रांत रोज दिसू लागले. तोवर पदवीधर कमी आणि खुर्च्या पुरेशा होत्या. आता खुर्च्या संपल्या. कचेऱ्यांतून 'उमेदवारी' नावाचा प्रकार होताच : तरुणाने बिनपगारी येऊन कागद नकलायचे आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहायची. कित्येकांची उमेदही त्यात गेली. 1931 च्या शिरगणतीत सुशिक्षित बेकारांची मोजदाद करण्यासाठी स्वतंत्र पत्रक काढले होते. ते लोकांनी स्वतः भरून द्यायचे होते आणि फारच थोड्यांनी भरले. यात नवल नाही. बी.ए. होऊन घरी बसलो आहे, हे सरकारी कागदावर स्वतःच्या हाताने कोण लिहील? लग्न ठरायचे असले तर पाहायलाच नको. पुढे 1934 साली संयुक्त प्रांताच्या सरकारने सर तेजबहादूर सप्रू यांची समिती नेमली. त्या समितीने धंदा धंदा घेऊन चौकशी केली : वकिलांची इतकी गर्दी का, डॉक्टर खेड्यांत का जात नाहीत, शेतकीचे पदवीधर शेती का करीत नाहीत. हे प्रश्न आजच्या संपादकीयातले वाटले तर तो माझा दोष नव्हे.

स्वातंत्र्यानंतर योजना आल्या, आणि योजनेला इंजिनियर किती लागतील, डॉक्टर किती लागतील, हे आधी ठाऊक असावे लागते. म्हणून 1961 च्या जनगणनेत शास्त्र आणि तंत्र शिकलेल्या लोकांना वेगळे कार्ड वाटण्यात आले. त्यावर शिक्षण, नोकरी, पगार लिहून ते तिकीट न लावता टपालपेटीत टाकायचे. 1971 साली तर सर्वच पदवीधरांना असे कार्ड दिले. कल्पना उत्तम होती. दुबळी जागा मात्र 1931 चीच : कार्ड टाकायचे की फडताळात ठेवायचे, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. चांगल्या पगाराचा मनुष्य कार्ड हौसेने भरतो, घरी बसलेला भरत नाही. तेव्हा आलेल्या कार्डांची सरासरी ही सगळ्या पदवीधरांची सरासरी नव्हे.

सरासरीवरून आठवले. आपल्याकडच्या वर्गात तीस मुले असतात. एकोणतीस जणांच्या खिशात दहा-दहा रुपये आणि सराफाच्या मुलाच्या खिशात तीन हजार. सरासरी निघते शंभराच्या वर. म्हणून शहाणे लोक मधला मनुष्य उभा करतात : पगाराप्रमाणे रांग लावायची आणि बरोबर मध्यावरच्याला विचारायचे. त्याला 'मध्यक' म्हणतात. सरासरी फुगते, मध्यक सहसा फुगत नाही.

मार्क ब्लॉग, रिचर्ड लेयर्ड आणि मॉरीन वुडहॉल या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी 1969 साली भारतातील पदवीधर बेकारीच्या कारणांवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना पडलेले कोडे साधे होते. एवढी बेकारी आहे, तर मुले कॉलेजात जातात कशाला? उत्तर असे निघाले, की मुले आणि त्यांचे आईबाप मूर्ख नाहीत. बेकार पदवीधर हा बहुतेक वेळा नुकताच पास झालेला, पहिल्या नोकरीची वाट पाहणारा तरुण असतो. एकदा चिकटला की आयुष्यभराच्या मिळकतीत ती वर्षे भरून निघतात. आणि मॅट्रिक झालेल्याची प्रतीक्षा पदवीधराहून लांब असते. हे वाचून आम्हां शालान्तवाल्यांना जे वाटले, ते येथे लिहिण्याचे कारण नाही. पण घराला फायद्याचे ते देशाला फायद्याचे असतेच असे नाही, हेही त्यांनी सांगितले. म्हणजे फिरून जोतीरावांचा प्रश्न, वेगळ्या भाषेत.

सर्वांत नेटकी मोजणी अलीकडे इंग्लंडात झाली. तेथेही पूर्वी पदवीनंतर सहा महिन्यांनी पत्र पाठवून "काय करता?" असे विचारीत. मग 2015 साली कायदा करून शाळा-विद्यापीठांची नोंद आणि प्राप्तिकराची नोंद एकमेकींना जोडण्याची सोय केली. आता कोणाला विचारायलाच नको. कर भरला की कमाई कळते. या नोंदींवरून 2018 साली तेथल्या अर्थशास्त्रज्ञांनी विषयवार हिशेब केला आणि मुख्य म्हणजे कॉलेजात येण्यापूर्वीचे गुण, घरची परिस्थिती या गोष्टी बाजूला काढून पाहिल्या. तसे केल्यावर विषयाविषयांतले अंतर पुष्कळ कमी झाले, पण पुसले गेले नाही. वैद्यक आणि अर्थशास्त्र वर राहिले, चित्र-नाट्यादी कला खाली राहिल्या. 2020 साली आयुष्यभराची बेरीज केली तेव्हा असे दिसले, की पाचांतल्या सुमारे एकाला पदवीमुळे पैशाचा फायदा होत नाही. हे पाहून कलाशाखा बंद करा म्हणणारे तेथेही निघालेच. पण कराच्या नोंदीत वाद्य वाजवणाऱ्याची मैफल उतरत नाही, गावच्या शाळेतली शिक्षिका तीस वर्षांत किती मुले वर आणते ते उतरत नाही, आणि परदेशी निघून गेलेला तर मुळीच सापडत नाही.

आपल्याकडे आज काय आहे? केंद्र सरकारने 2015 साली शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीची व्यवस्था सुरू केली. तिच्यात भाग घेणारे कॉलेज आपली माहिती आपणच देते आणि ती सर्वांना पाहता येते. त्यात पहिल्या वर्षी किती मुले घेतली, त्यांतली किती वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली, लागलेल्यांचा मध्यक पगार किती आणि पुढच्या शिक्षणाला किती गेली, असे रकाने असतात. कॉलेजच्या फाटकावरच्या फलकावर आणि वर्तमानपत्रांतल्या जाहिरातीत येतो तो बहुधा एकच, पगाराचा. आणि तोही मध्यक नव्हे, सगळ्यांत मोठा. येत्या मे-जूनमध्ये ज्या घरांत हा खल व्हायचा आहे, त्यांनी फलक सोडून हे रकाने उघडावेत. पास झालेल्यांतून नोकरीला लागलेले वजा करावेत, पुढे शिकायला गेलेले वजा करावेत. जी मुले उरतील त्यांच्यासाठी त्या कागदावर रकाना नाही. ती कोठे आहेत, हे प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी खिडकीवरच्या कारकुनाला नव्हे, गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन-चार मुलांना गाठून विचारावे.